ब्रेकबाई डमी बसतात

गाडी शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाखाली. स्टिअरिंग मात्र एकच, आणि तेही शिकणाऱ्याच्या हातात. अशा गाडीत ज्या माणसाची उमर गेली त्याच्या स्वभावाचं पुढे काय होत असेल, याचा विचार ही व्यवस्था काढणाऱ्याने केलेला दिसत नाही.

ब्रेकबाईंची उमर त्यातच गेली. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ वळली की ब्रेकबाई. हे पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. शेजारपाजारचे निम्मे लोक त्यांनीच रस्त्याला लावलेले. त्यात वळण आलं की डोळे मिटून घेणारे एक कापडवाले होते. गिअर बदलताना खाली वाकून बघणारे आणि तेवढ्यात गाडी थेट भाजीच्या गाड्यावर नेणारे एक प्राध्यापकही होते. ब्रेकबाई कधी कुणावर ओरडल्या नाहीत. चेहरा शांत, हात मांडीवर, नजर तिन्ही आरशांतून फिरती आणि उजवा पाय तयार. गाडी आपोआप कशी थांबली याचं शिकणाऱ्याला नवल वाटायचं, आणि बाई म्हणायच्या, "बघा, जमलं की नाही?"

पण सवय काही गाडीतून उतरताना गाडीत ठेवून येत नाही. नवरा गाडी चालवत असला की त्यांचा पाय पुढचा पत्रा दाबे. सिनेमात पाठलाग सुरू झाला की पुढच्या खुर्चीला लाथ बसे आणि पुढचा माणूस मागे वळून बघे. शेजारणीने जिन्यावरून उतरताना पायरी जराशी चुकवली तरी यांचा पाय उभ्या उभ्या जमिनीत रुते. जित्याची खोड म्हणतात ती हीच. घरात या खोडीची थट्टा होई, पण तिने कधी कुणाचं नुकसान केलं नव्हतं. ते झालं पत्त्यांच्या टेबलावर.

घरात माणसं तीन. ब्रेकबाई, चष्म्याचं दुकान चालवणारा त्यांचा नवरा, आणि वरच्या खोलीत राहणारी त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद. बाई तिला वन्सं म्हणत. वन्सं मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि डॉक्टर लोकांनासुद्धा बूट पुसून वॉर्डात यायला लावलं. अशी बाई निवृत्त झाल्यावर करणार काय? त्यांनी क्लबात जाऊन ब्रिज खेळायला सुरुवात केली, आणि भिडू पाहिजे म्हणून भावजयीला हाताला धरून शिकवलं. दर आठवड्याच्या त्या संध्याकाळची ब्रेकबाई पोरीसारखी वाट बघत. दिवसभर त्या लोकांना शिकवत, आणि तिथे त्यांना कुणीतरी शिकवत होतं. शिवाय कधी कुणाचं कौतुक न करणाऱ्या वन्सं घरी परतताना म्हणायच्या, "आज बरी खेळलीस हो वहिनी." तेवढ्यावर बाईंचा पुढचा आठवडा निघायचा.

आता ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. हा खेळ चौघांचा, समोरासमोरचे दोघे भिडू. आधी बोली होते. आम्ही इतके हात करून दाखवू, असं जो भिडू बोलून बसतो त्याने ते करायचे. बोली पक्की झाली आणि विरुद्ध बाजूने पहिलं पान टाकलं, की बोली करणाऱ्याचा भिडू आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो. या मांडलेल्या पानांना म्हणतात डमी, आणि ती मांडून बसलेल्या माणसालाही डमीच म्हणतात. त्याच्या पानांतलं कुठलं पान कधी खेळायचं, हे समोरचा भिडू सांगणार. डमीने ते निमूट उचलून मधे सरकवायचं. बोलायचं नाही, सुचवायचं नाही, भुवई उडवायची नाही, उसासा टाकायचा नाही. हाताची घडी तोंडावर बोट. सगळा डाव डोळ्यांसमोर चाललाय, भिडू खड्ड्याकडे निघालाय हे दिसतंय, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात आहे. ब्रेकबाईंना ही जागा किती ओळखीची वाटली असेल ते सांगायला नको. फरक एवढाच, की इथे पायाखाली ब्रेक नव्हता.

तरी पाय होताच.

क्लबात दातांचे एक डॉक्टर आणि त्यांचा धाकटा भाऊ अशी एक जोडी होती. डॉक्टर हुशार, पण हरणं त्यांना सोसत नसे. एका संध्याकाळी वन्संच्या हातून ते हरत आले होते. बोली वन्संची, ब्रेकबाई डमी. वन्संनी राणी उचलायला हात नेला, मग थबकल्या आणि गुलाम खेळल्या. तोच गुलाम बरोबर ठरला. तेवढ्यात डॉक्टरांची पेन्सिल खाली पडली. ते टेबलाखाली वाकले आणि त्यांना दिसलं, की ब्रेकबाईंचा उजवा पाय जमिनीवर असा काही दाबून धरलाय की जणू समोरून ट्रक येतोय. डॉक्टर वर आले ते लाल होऊनच. त्यांनी पंचांना बोलावलं.

पंच म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, बाईंनी कबूल केलं. पाय दाबला खरा, पण तो खूण म्हणून नव्हे, सवयीने. सगळ्यांना ते पटलं, कारण अर्धा क्लब त्यांच्याकडेच गाडी शिकला होता. पण पटलं म्हणून नियम बदलत नाही. टेबल हललं असेल तर भिडूला कळलं असणार. तो डाव रद्द झाला, आणि पुन्हा असं घडलं तर ही जोडी फोडावी लागेल असं पंचांनी खाली मान घालून सांगितलं. डॉक्टर मात्र जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेले की, "इतकी वर्षं आम्ही समजत होतो मेट्रनबाई डोक्याने खेळतात."

हे वाक्य वन्संच्या काळजात रुतलं. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना म्हणाल्या, "वहिनी, तुझा पाय मला कधी कळला नाही. शपथेवर सांगते. पण आता मलाच खात्री वाटेना. आजवर जिंकले ते मी जिंकले, का तुझ्या पायाने?" आणि वर निघून गेल्या. त्यानंतर वन्संचा चहा वर जाऊ लागला. क्लबात जाणं बंद झालं. ज्या बाईने उभ्या इस्पितळाला धाकात ठेवलं, तिला स्वतःच्या अकलेवर शंका घ्यायला लावणारा पाय आपला आहे, या विचाराने ब्रेकबाईंना घास गोड लागेना. डॉक्टरांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग यायचा तो स्वतःच्याच पायाचा, आणि पायावर रागावून माणूस जाणार कुठे?

वार्षिक कपच्या सामन्यांची वेळ जवळ आली तेव्हा बाई चहाचा कप घेऊन स्वतः वर गेल्या आणि म्हणाल्या, एकदाच खेळू. माझ्यासाठी नको, लोकांच्या तोंडाला कुलूप लावायला. वन्संनी कप हातात घेतला. मग त्यांनी अट घातली. डमी बसलीस की पाय नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. हूं नाही की चूं नाही. चुकले तर मला चुकू दे, हरले तर मला हरू दे. पण जे काही होईल ते माझं असू दे. बाईंनी कानाला खडा लावला.

मग सराव सुरू झाला. नवऱ्याने गाडी चालवायची आणि बाईंनी शेजारी बसून पाय हलू द्यायचा नाही. चष्मेवाला स्वभावाने गरीब, पण गाडी चालवताना दुकानांच्या पाट्या वाचणारा. दुधाच्या व्हॅनला अगदी खेटून त्याने गाडी काढली. बाईंचा पाय जागेवर राहिला, पण हाताने वरची कडी ओढली गेली ती तुटूनच हातात आली. दुसऱ्या दिवशी हातही जागेवर राहिले, तेव्हा तोंडातून "अगं बाई" निघालं. एक दाबावं तर दुसरं वर येई. पण बाई शिकवणाऱ्या होत्या. माणूस हळूहळूच शिकतो हे त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं, आता एकदा स्वतःला सांगितलं. शेवटी नवरा चुकीच्या बाजूने गल्लीत शिरला, समोरून हॉर्न वाजले, शिव्या ऐकू आल्या, आणि बाई मांडीवर हात ठेवून बाकावर बसावं तशा बसून राहिल्या. नवऱ्याला दरदरून घाम फुटला. त्याला आपल्या बायकोची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

वन्संची तयारी वेगळी. त्या रोज दुपारी एकट्याच पानं मांडून बसत, जुना चष्मा नाकावर सारखा करत. भाऊ कितीदा म्हणाला, नंबर वाढलाय, नवा करून देतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालंय, चष्मेवाल्याची बहीण आणि डोळे बारीक करून बघते. वन्संचं उत्तर ठरलेलं की माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, आधी दुकानाची पाटी नीट कर.

दोघी एकेक जोडी हरवत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचल्या, आणि समोर आले दातांचे डॉक्टर आणि त्यांचा भाऊ. क्लबाचं मोठं दालन, मधे एकच टेबल, भोवती खुर्च्यांवर बघणारी माणसं. गुण मागे-पुढे होत शेवटच्या डावाला बरोबरीत आले. शेवटच्या डावात वन्सं बोलल्या, तीन बिनहुकमी. म्हणजे कुठलाच रंग हुकूम नाही, आणि नऊ हात करून दाखवायचे. केले तर कप, एक जरी कमी पडला तर गेला.

डॉक्टरांनी इस्पिकचा राजा टाकला. ब्रेकबाईंनी आपली पानं मांडली आणि मग एक गोष्ट केली. त्यांनी खुर्ची मागे ओढली, चांगली हातभर, आणि दोन्ही पाय टेबलाबाहेर, सगळ्यांना दिसतील असे जोडून ठेवले. पान सरकवायला त्यांना दर वेळी पुढे वाकावं लागणार होतं. लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्या काळ्या चपलांवर नजर रोखली ती रोखलीच.

मांडलेल्या पानांत इस्पिकचा एक्का होता. तो लावला की हात आपला. ब्रेकबाई एक्क्याकडे हात नेणार तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "लहान."

बाईंची बोटं एक्क्यावरच थांबली. हातातला हात कुणी सोडतं का? पण त्यांनी लहान पान सरकवलं. डॉक्टर जिंकले आणि त्यांनी राणी टाकली. वन्सं पुन्हा म्हणाल्या, "लहान." दुसराही हात गेला. ब्रेकबाईंच्या पायाच्या अंगठ्यात कळ उठली, पोटरी दगडासारखी झाली, आणि त्या डोळ्यांसमोर फक्त हिरवं टेबल ठेवून बसून राहिल्या. डाव्या हाताला डॉक्टरांचा भाऊ. तो पानं अशी सैल धरायचा की येणाऱ्या-जाणाऱ्याला दर्शन व्हावं. रोज डाव्या आरशात बघणाऱ्या बाईंची मान डावीकडे ओढ घेत होती. त्यांनी ती वळू दिली नाही. तिसऱ्यांदा इस्पिक आलं तेव्हा वन्संनी एक्का मागितला, आणि डॉक्टरांच्या भावाने किलवरचं पान टाकलं. त्याच्याकडची इस्पिकं संपली होती.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. यासाठीच वन्संनी एक्का दाबून ठेवला होता. पुढे भावाने किलवरच्या राजाने एक हात जिंकला, पण डॉक्टरांना परत द्यायला त्याच्याकडे इस्पिकच नव्हतं. डॉक्टर जिंकणारी दोन इस्पिकं हातात धरून बसले, आणि ती खेळायला त्यांना दारच सापडेना. मागे बसलेल्या जाणत्या लोकांत कुजबुज झाली. बाईंच्या मनात आलं, मी तर पहिल्याच वळणावर ब्रेक मारला असता आणि यांना घेऊन खड्ड्यात गेले असते. इतकी वर्षं आपण वन्संना सांभाळतोय असं ज्याला वाटत होतं तो पाय किती मूर्ख होता, हे कळून त्यांना रडू येईना की हसू येईना. वन्सं डोक्यानेच खेळत होत्या. पहिल्यापासून.

आता चौकटची पानं. मांडलेल्या पानांत चौकटचे एक्का, राजा, राणी, गुलाम असे ओळीने होते. वन्संनी एकेक मागवला. एक्का, राजा, राणी. तिन्ही वेळा त्यांनी हातातलं चौकट टाकलं. मग गुलाम मागवला, आणि या वेळी बदाम टाकला. झटकन, न बघता.

न बघता टाकला, हे ब्रेकबाईंना कळलं. पानं त्यांना दिसत नव्हती, पण आरशात न बघता वळणारा माणूस त्यांना खांद्यावरून ओळखू येतो. बदाम लाल, चौकट लाल, आणि चष्मा जुना. एखादं चौकट बदामात दडून बसलं असलं, तर रंग असून न टाकल्याचा दंड बसणार. एक हात जाणार. आणि एकच हात गेला की कप गेला.

इथे नियम डमीला एक वाट ठेवतो. सुचवायला तिला बंदी आहे, पण आपल्या भिडूने रंग टाकला नाही तर तिने एवढंच विचारायचं, तो रंग तुझ्याकडे खरंच नाही ना. पुढचा हात सुरू होण्याआधी चूक सापडली तर पान बदलता येतं. हा डमीचा हक्क आहे, तिच्या वाटणीचा एकुलता एक ब्रेक. पण बाईंनी शब्द दिला होता. तोंड नाही, हूं नाही की चूं नाही. बोलल्या आणि वन्संकडे चौकट नसलंच, तर लोक म्हणणार, बघा, राहवलं नाही. आणि वन्सं पुन्हा वर जाऊन बसणार त्या कायमच्या. गप्प बसलं तर शब्द राहील आणि हरतील वन्सं. आजचा इतका सुंदर डाव, आणि लोक लक्षात ठेवणार ती म्हातारीची अधू नजर. ते मात्र बाईंना सहन होईना. हा डाव वन्संचा होता आणि तो वन्संनाच मिळायला हवा होता.

"चौकट नाही, वन्सं?"

वन्संनी अशी नजर वर उचलली की कित्येक कंपाउंडर त्या नजरेने नोकरी सोडून गेले असतील. मग त्यांनी पानांकडे पाहिलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बदामांच्या मागून एक पान हळूच पुढे आलं. चौकटची तिर्री.

"आहे," वन्सं म्हणाल्या. बदाम परत घेतला आणि तिर्री टाकली.

डॉक्टर उठलेच. डमी बोलली, नियम मोडला, डाव रद्द करा. औषधवाले पंच आले. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे विचारणं डमीचा हक्क आहे आणि पान वेळेत बदललंय, दंड नाही. "मात्र एक आहे. डमीने दुसऱ्या कुणाची पानं पाहिली असतील, तर तिचा हा हक्क जातो. बाईंनी कुणाची पानं पाहिली का?"

सगळे भावाच्या त्या उघड्यावाघड्या पानांकडे बघायला लागले. त्याने ती घाईघाईने छातीशी धरली. बाईंनी हात मांडीवर ठेवले. आपल्या खरेपणाची साक्ष आपणच काय द्यायची?

डॉक्टर उभेच होते. त्यांच्या तोंडावर रंग येत होता, जात होता. माणूस हरायला नाराज असला तरी खोटारडा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. "नाही पाहिली," ते म्हणाले. "मान वळली नाही. पायही हलले नाहीत. पहिल्या पानापासून मी त्यांच्यावरच डोळे ठेवून होतो."

"म्हणूनच एक्का दाबलेला कळला नाही तुला," त्यांचा भाऊ पुटपुटला, आणि सगळं दालन खो-खो हसलं. डॉक्टरही शेवटी हसत खाली बसले. बाकीची पानं वन्संनी सावकाश खेळली. अखेरचा हात डॉक्टरांना इस्पिकचा मिळाला, पण तोवर नऊ हात वन्संपुढे ओळीने मांडलेले होते. टाळ्या अशा वाजल्या की बाहेरचा रखवालदार आत डोकावला. डॉक्टर टेबलाला वळसा घालून वन्संपाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मेट्रनबाई, मी मागे बोललो ते परत घेतो. हे डोकं तुमचंच."

वन्संनी मान किंचित हलवली. तिकडे कपवर कुठलं नाव आधी कोरायचं याची चर्चा सुरू झाली होती, चष्मेवाला बायकोचं आणि बहिणीचं कौतुक करत ज्याला-त्याला मिठ्या मारत होता. ब्रेकबाई मात्र अजून मागे ओढलेल्या खुर्चीतच पाय जुळवून बसल्या होत्या. शब्द मोडला होता. वन्सं काय म्हणतील, हे ऐकल्याशिवाय त्यांना उठवेना.

वन्सं उठून त्यांच्यापाशी आल्या. चष्मा काढून भावाच्या हातात दिला. "नवा कर," एवढंच त्याला म्हणाल्या. मग भावजयीच्या खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि ती खुर्ची, तिच्यावर बसलेल्या बाईसकट, जोर लावून टेबलाकडे ढकलली. पाय टेबलाखाली गेले.

"वहिनी, पुढल्या खेपेला नीट पुढे सरकून बस," वन्सं म्हणाल्या. "आणि पाय कुठे ठेवायचे ते तुझं तू बघ. मला खेळता येतं."